इन-इअर की ओव्हर-इअर? मिक्सिंग करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत आमच्या घराची मागची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. अभंग, भावगीतं, मंडळांची गणपतीची गाणी, कधी एखाद्या शॉर्टफिल्मचा आवाज, जे येईल ते इथं मिक्स होतं, म्हणजे गळ्याचे-वाद्यांचे सुटे ट्रॅक नीट बसवून एक केले जातात. टेबलावर मॉनिटर स्पीकर आहेत, पण शेजारच्या काकूंचा नातू नऊला झोपतो, त्यामुळे निम्मं काम हेडफोनवरच होतं. सांगली, मिरज, कुपवाडची नवी पोरं फोन करून साधारण तेच तेच विचारतात. दर वेळी नव्यानं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

पाल्हाळ नको. एकच घ्यायचा असेल तर कुठला घेऊ?

खोली शांत असेल तर ओपन-बॅक ओव्हर-इअर, म्हणजे पूर्ण कान झाकणारा आणि कप मागून उघडा असलेला हेडफोन. घर रस्त्याला लागून असेल तर क्लोज्ड-बॅक ओव्हर-इअर, कप मागून बंद असलेला. कानाच्या नळीत बसणारे इन-इअर दुसऱ्या नंबरला, तपासणीसाठी आणि प्रवासासाठी. आधीच चांगले इन-इअर असतील आणि खिशात आत्ता पैसे नसतील, तर त्यांवरही मिक्स होतं, फक्त खालचा सीलबद्दलचा प्रश्न दोनदा वाचा.

माझी कसोटी एकच आहे. आज कानाला लावल्यावर कालच्यासारखंच ऐकू येतं का? ज्या वस्तूवर याचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ येतं ती मिक्सिंगला चांगली, मग तिची किंमत काही का असेना. ओव्हर-इअर या कसोटीला जास्त वेळा उतरतात, म्हणून माझा कौल त्यांना.

शेवटी दोन्हींत छोटे स्पीकरच ना? मग फरक कुठं पडतो?

तुमच्या कानातच पडतो. बाहेरच्या कानाच्या ज्या वळ्या आहेत, त्या आवाजाला वळण देतात. त्यापुढे कानाची नळी, साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला पडदा. अशी नळी ३ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ३ हजार कंपनांच्या) आसपास आपोआप घुमते. जन्मापासून आपण जग याच घुमाऱ्यातून ऐकतो, म्हणून तो आपल्याला जाणवतही नाही.

ओव्हर-इअर कानाबाहेर बसतो. वळ्याही कामाला येतात, नळीही. इन-इअर नळीचं तोंडच बंद करतो. वळ्या बाद झाल्या आणि ३ किलोहर्ट्झचा नैसर्गिक घुमारा गेला. तो बनवणाऱ्याला ड्रायव्हरमधूनच, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरमधूनच, परत द्यावा लागतो. कुठल्या फ्रिक्वेन्सीला आवाज किती येतो हे दाखवणाऱ्या इन-इअरच्या ग्राफवर ३ किलोहर्ट्झला टेकाड दिसतं ते यासाठी. ते बघून पोरं घाबरतात, पण ते नसेल तर गायक गोधडीखालून गातोय असं वाटेल.

बंद झालेल्या नळीत नवा घुमारा तयार होतो, साधारण ७-८ किलोहर्ट्झला. इन-इअर जरा आत सरकवला की तो वर जातो, बाहेर आला की खाली येतो. म्हणजे ‘स’ आणि ‘श’ची धार, टाळांची किणकिण, तंबोऱ्याची जवारी, हे सगळं तुम्ही आज बोंडं किती आत खुपसली त्यावर ठरतं. मिक्स करणाऱ्या माणसाला ही गोष्ट त्रासाची आहे.

सील, सील म्हणतात ते काय? एवढं महत्त्वाचं आहे का?

इन-इअरचं रबर आणि कानाची नळी यांच्यात फट नसणं म्हणजे सील. केसाएवढी फट राहिली तरी बेस गळतो. नुसता कमी होत नाही, १०० हर्ट्झच्या खाली तळच निघून जातो.

हे मी पदरमोड करून शिकलो. तासगाव बाजूच्या एका भजनी मंडळाचे अभंग होते, एकादशीच्या आधी द्यायचे होते. स्पीकर लावता येईनात, ओव्हर-इअर दुरुस्तीला गेलेला, म्हणून दोन रात्री इन-इअरवर बसलो. पखवाज काही केल्या भरेना. ‘धा’ वाजताना कणीक लावलेली बाजू पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखी येत होती. ८० हर्ट्झला ५ डेसिबल चढवले, तेव्हा कुठं तो अंगात आला. फाईल पाठवली. एकादशीला देवळात ती लागली आणि सभामंडपाचे पत्रे बोलायला लागले. बुवांनी फोन केला, “पखवाज वाजिवला व्हता न्हवं आमी? ढोल कुठनं आला?”

फोन ठेवून तेच इन-इअर कानात घातले, तोच ट्रॅक लावला आणि सहज उजव्या कानातल्यावर बोट दाबलं. पखवाज धाडकन दुप्पट झाला. माझ्या उजव्या कानाची नळी डाव्यापेक्षा मोठी आहे आणि मी दोन्हीकडे मधल्या मापाचंच रबर वापरत होतो. चाळिशी उलटल्यावर स्वतःच्या कानाबद्दल कळलेली ही गोष्ट. आता उजवीकडे मोठं रबर, डावीकडे मधलं.

मग माझ्या कानात नीट बसलेत हे कसं ओळखू?

बोट दाबून बघा. दाबल्यावर बेस वाढला तर सील नाही. नीट बसलेल्या इन-इअरवर दाबल्यानं फारसा फरक पडत नाही.

दुसरं, १५० हर्ट्झपासून ३० हर्ट्झपर्यंत हळूहळू उतरणारा सूर वाजवा. मोफत मिळतो, कुठल्याही मिक्सिंग सॉफ्टवेअरच्या टोन जनरेटरमध्येही करता येतो. ७०-८०च्या घरात तो अचानक विरला तर रबर बदला. तिसरं, एकट्या माणसाचं बोलणं मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, असं लावा. आवाज बरोबर नाकाच्या रेषेत उभा राहिला पाहिजे. डावीकडे झुकला तर उजवं बोंड सैल आहे.

फोमच्या टिप, म्हणजे रबराऐवजी लावायची मऊ टोपणं, चिमटीत दाबून, घालून, फुगेपर्यंत पाव-अर्धा मिनिट धरून ठेवायच्या. सील उत्तम होतं. पण फोम वरची धार किंचित मऊ करतो आणि काही महिन्यांत खराब होतो. मी सिलिकॉनचं नेहमीचं रबरच वापरतो. आणि काही झालं तरी एका प्रोजेक्टच्या मध्यात टिपचा प्रकार बदलू नका.

ओपन-बॅक आणि क्लोज्ड-बॅक यांत काय घ्यावं?

ओपन-बॅकच्या कपाला मागून जाळी असते. आवाज मागे निघून जातो, कपात घुसमटत नाही, त्यामुळे ऐकणं मोकळं वाटतं आणि तासन् तास बसता येतं. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून आजतागायत लोक वापरताहेत तो याच मोकळेपणासाठी आणि त्याच्या सरळ मिडसाठी (मधल्या पट्ट्यातल्या आवाजासाठी). मात्र अशा बहुतेक ओपन-बॅकमध्ये अगदी खालचा बेस, ५० हर्ट्झच्या खालचा, उतरत जातो. पखवाज आणि डग्ग्याला अडचण नाही. मंडळाच्या गाण्यात सिंथचा सब-बेस असेल तर तो तुम्हाला पुरता कळणार नाही.

क्लोज्ड-बॅकमध्ये सोनीचा एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ही नेहमीची नावं. बाहेरचं कमी ऐकू येतं, आतलं माइकमध्ये शिरत नाही, खालचा बेसही मिळतो. बदल्यात कपाच्या आत आवाज आपटतो आणि २००-३०० हर्ट्झच्या पट्ट्यात थोडा गुबारा जाणवू शकतो.

आता सांगलीतली खरी अडचण. नोव्हेंबर ते मार्च ऊस गाळपाचा हंगाम. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर घरातल्या कपाटाएवढे स्पीकर आणि रात्री अकराला फुल्ल आवाजात गाणी. ओपन-बॅक डोक्यावर असेल तर तो ट्रॅक्टर तुमच्या मिक्समध्ये येऊन बसतो. या महिन्यांत मी क्लोज्ड-बॅकवर असतो. ट्रॅक्टरांची रांगच लागली की इन-इअर कानात घालतो, कारण नीट बसलेले इन-इअर बाहेरचा आवाज २० ते ३० डेसिबलपर्यंत अडवतात. एवढं बहुतेक ओव्हर-इअरना जमत नाही. तेव्हा एडिटिंग करतो, श्वास कापतो, टाळ्या-खोकले काढतो. इक्यूचे, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती वाढवायची-कमी करायची याचे, निर्णय सकाळसाठी ठेवतो.

माझं काम शास्त्रीय संगीताचं. तंबोऱ्यासाठी काय बरं?

हा प्रश्न मिरजेचाच आहे आणि माझा आवडता आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. ते मिळायच्या कित्येक पिढ्या आधीपासून गवई मिरजेच्या गल्लीत येऊन घोडीवर कान लावून बसत आलेत. तंबोऱ्याचा जीव जवारीत असतो. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवला की एका जागी तार नुसती वाजत नाही, झंकारते. मूळ सुरापेक्षा वरचे स्वरांश जास्त ठळक होतात आणि एकामागून एक उलगडत जातात. काळी एक पट्टीच्या पुरुषी तंबोऱ्यात खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला असते, जोडाच्या तारा १३८च्या आसपास, आणि जवारीचा झंकार वर काही किलोहर्ट्झपर्यंत पोचतो. म्हणजे एकच वाद्य तुमच्या हेडफोनचा तळ आणि माथा दोन्ही तपासतं.

एकदा मी एकच रेकॉर्डिंग इन-इअरवर तीनदा ऐकलं, दर वेळी काढून पुन्हा घालून. पहिल्यांदा जवारी मधासारखी, दुसऱ्यांदा तीच कोरडी आणि टोकदार, तिसऱ्यांदा मध्येच कुठंतरी. फाईल तीच, मीही तोच. ओव्हर-इअरवर असाच प्रयोग केला तर फरक पडला, पण नखाएवढा. मग कुठल्या जवारीवर विश्वास ठेवून इक्यू लावायचा? तंबोऱ्याचं आणि गळ्याचं नातं ठरवायला ओव्हर-इअर, शक्यतो ओपन-बॅक. इन-इअर इथं एका कामाला फार उपयोगी पडतात. तंबोऱ्याआड लपलेली पंख्याची घरघर, खुर्चीची करकर, गवयाच्या बाराबंदीची सळसळ त्यांवर लख्ख कळते.

टाळ कानात घुसतात. हेडफोन खराब की मिक्स?

दोन्हीही असू शकतं. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रोसारखे काही हेडफोन वर चढेच असतात. हा दोष म्हणायचा नाही, तो त्यांचा स्वभाव आहे. त्यावर टाळ टोचतात म्हणून तुम्ही ते खाली ओढता, आणि मोबाईलवर ऐकलं की वारकरी टाळ घरी विसरून आल्यासारखं वाटतं. इन-इअरवर त्या ७-८ किलोहर्ट्झच्या घुमाऱ्यामुळे उलटसुलट दोन्ही होतं.

तुमच्या ओळखीचं, चांगलं मिक्स झालेलं एखादं अभंगाचं रेकॉर्डिंग त्याच हेडफोनवर, तेवढ्याच आवाजात लावा. तिथंही टाळ टोचले तर हेडफोनचा स्वभाव समजून गप्प बसा. तिथं नाही टोचले तर हात इक्यूवर न्या. ‘तेवढ्याच आवाजात’ हे शब्द महत्त्वाचे. एका डेसिबलनं मोठं वाजलेलं कानाला नेहमी ‘चांगलं’ वाटतं.

हेडफोनवर पॅनिंग (आवाज डावीकडे-उजवीकडे बसवणं) छान लागतं, स्पीकरवर सगळं विस्कटतं. असं का?

स्पीकरवर डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही जातो, पाव मिलिसेकंदभर उशिरा आणि डोक्याच्या आडोशानं वरची धार थोडी बोथट होऊन. हेडफोनवर डावं ते डावंच. त्यामुळे रुंदी फुगते आणि मध्यावरचा गायक डोक्याच्या आत बसतो. इन-इअरमध्ये बाहेरच्या कानाचा काहीच सहभाग नसल्यानं तो आणखी आत जातो.

यावर क्रॉसफीड नावाचे प्लगइन (मिक्सिंग सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) आहेत, ते डाव्यातलं थोडं उजवीकडे मिसळतात. मी ते सतत लावून ठेवत नाही, अधूनमधून लावून बघतो. त्यापेक्षा मोनोचं बटण जास्त दाबतो. आपल्याकडच्या देवळातल्या आणि मंडळांच्या कितीतरी साउंड सिस्टिम मोनोच असतात. मोनोत पेटी गळ्याला झाकत असेल तर तिला डावीकडे ढकलून उपयोग नाही, जागा इक्यूनं करावी लागेल.

रिव्हर्बचं, म्हणजे गळ्याला दिलेल्या खोलीसारख्या प्रतिध्वनीचं, उलटं होतं. हेडफोनवर शेपूट शेवटपर्यंत ऐकू येते, म्हणून हात आखडतो. स्पीकरवर तोच गळा कोरडा वाटतो. मी हेडफोनवर ‘पुरे’ वाटल्यावर आणखी किंचित वाढवतो. हा माझ्या कानाचा हिशेब आहे, तुमचा तुम्ही दोन-चार गाण्यांत बसवाल.

नावातच ‘इन-इअर मॉनिटर’ आहे, म्हणजे ते मिक्सिंगसाठीच ना?

नाही. ते नाव स्टेजवरून आलं. व्हॅन हेलन या रॉक बँडचे मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी यांनी ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी कानात बसणारी जोडी बनवली आणि त्यातून १९९५ मध्ये अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. हेतू हा की ड्रमच्या दणदणाटात वादकाला स्वतःचं ऐकू यावं. तिथं महत्त्व बाहेरचा आवाज अडवण्याला आहे, सरळपणाला दुय्यम. आज काही इन-इअर खरोखर नीट ट्यून केलेले मिळतात, पण ‘मॉनिटर’ हा शब्द खोक्यावर कोणीही छापतो.

ओहम किती पाहिजेत? वेगळा ॲम्प लागतो का?

ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध. इन-इअर साधारण १६ ते ३२ ओहमचे असतात, मोबाईलवरही जोरात वाजतात. एचडी ६०० हा ३०० ओहमचा. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत येतो. ज्यांच्याकडे साधा, यूएसबीवर चालणारा इंटरफेस (माइक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी डबी) आहे त्यांनी २५०च्या मोहात पडू नये. आवाजाचं बटण शेवटाला नेऊनही मन भरत नाही. ८० किंवा त्याखालचा घ्या.

इन-इअरची अडचण याच्या उलटी आहे. ते इतके हळवे असतात की इंटरफेसची स्वतःची सूं-सूं ऐकू येते आणि तुम्ही ती रेकॉर्डिंगमधली समजून नॉइज रिडक्शन लावत बसता. प्लेबॅक थांबवा. सूं-सूं चालूच राहिली तर ती इंटरफेसची आहे, गाण्याला हात लावू नका.

आणखी एक बारकावा. एका इन-इअरमध्ये बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचे तीन-चार छोटे ड्रायव्हर असतील तर त्याचा ओहम प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. अशा वेळी इंटरफेसच्या हेडफोन आउटचा स्वतःचा ओहम जास्त असला की सूरच बदलतो. मोबाईलवर एक, इंटरफेसवर दुसरं. एकच डायनॅमिक, म्हणजे साध्या स्पीकरसारखा पडद्याचा, ड्रायव्हर असलेल्या इन-इअरला ही बाधा जवळजवळ होत नाही, म्हणून मिक्सिंगला तो बरा. खोक्यावरचा ड्रायव्हरचा आकडा मोठा म्हणजे माल भारी, हा गैरसमज सोडून द्या.

ब्लूटूथवर चालेल?

ऐकायला चालेल, मिक्सला नाही. आवाज दाबून पाठवला जातो आणि उशिरा पोचतो, ठेक्यावर कट मारता येत नाही. नॉइज कॅन्सलेशनवाल्यांचं तर बटण चालू-बंद केलं की ट्यूनिंगच बदलू शकतं. वायर वापरा.

ग्राफ बघून विकत घेऊ का? आणि इक्यू करून कुठलाही हेडफोन सरळ होतो म्हणतात, ते खरं का?

ग्राफ बघा, पण ओव्हर-इअरचा ग्राफ इन-इअरच्या ग्राफशेजारी ठेवून तुलना करू नका. दोन्हींचं मोजण्याचं यंत्र वेगळं, दोन्हींचं लक्ष्यही वेगळं. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ऐकवून, त्यांची पसंती नोंदवून जी लक्ष्याची वळणं (टार्गेट कर्व्ह) काढली, त्यांतही इन-इअरसाठीच्या वळणात बेस जास्त आहे. शिवाय ती पसंतीची वळणं आहेत. मिक्स करणाऱ्याला तेवढा बेस समोर ठेवून काम करायचं आहे का, हा वेगळा प्रश्न. मी थोडा कमी ठेवतो.

इक्यूनं ओव्हर-इअर बऱ्यापैकी सुधारतो. सोनारवर्क्सचं साउंडआयडी रेफरन्स हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर विकत मिळतं, विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि ऑटोइक्यूचे आकडे फुकट आहेत. बेस आणि मिडपर्यंत खुशाल वापरा. ६-७ किलोहर्ट्झच्या वर मात्र यंत्राचा कान आणि तुमचा कान यांची फारकत होते, इन-इअरमध्ये तर नक्कीच. तिथले टोकदार फिल्टर मी काढूनच टाकतो.

आणि शेवटची फाईल काढण्याआधी ते दुरुस्तीचं प्लगइन मास्टर ट्रॅकवरून बंद करा. हसू नका, मी एक आख्खं बालगीत तसंच पाठवलंय.

आवाज किती ठेवावा? तासन् तास बसलं तर कान जातील का?

जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा कामगारांसाठीचा हिशेब असा: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला ४ तास, ९१ला २, ९४ला १. जागतिक आरोग्य संघटना त्याहून सावध आहे, ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास.

हेडफोनमधले डेसिबल घरी मोजणं अवघड. माझी सोय अशी की हेडफोन चालू असताना बायकोनं दारातून नेहमीच्या आवाजात हाक मारली तर कळली पाहिजे. इन-इअरला ही युक्ती लागू पडत नाही, कारण आवाज कमी असूनही हाक कळत नाही. तिथं गाणं चालू ठेवून आवाज शून्यावर न्यायचा, मग हळूहळू वाढवत, शब्द समजायला लागले की थोडंच पुढं जाऊन थांबायचं आणि बटणावर खडूची खूण करायची.

या बाबतीत इन-इअरची बाजू घ्यायलाच हवी. रस्त्याकडेच्या खोलीत ओपन-बॅक घातला की गोंगाटावर मात करायला आपण आवाज चढवत जातो. इन-इअरमध्ये शांतता आयती मिळते, त्यामुळे कमी आवाजात भागतं. भागतं, पण आपण भागवत नाही, ही माणसाची गोष्ट झाली. मिक्सचा आवाज रोज एकच ठेवण्यालाही कारण आहे. कमी आवाजात कानाला बेस आणि अगदी वरचं ट्रेबल कमी कळतं, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मांडलं. रात्री हळू आणि सकाळी जोरात असं केलं की रात्रीचा बेस सकाळी खायला उठतो.

पन्नास मिनिटं काम, दहा मिनिटं बाहेर. मी गच्चीवर जातो, भडंगाचा एक बकाणा भरतो. हेडफोन लावून मात्र कुरकुरीत काही खाऊ नका. इन-इअरमध्ये बंद नळीमुळे चावण्याचा आवाज डोक्यात गडगडतो.

मे महिन्याच्या उकाड्यात काय वापरायचं?

रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद, बाहेर चाळीस अंश, डोक्यावर रेक्झिनचे पॅड. अर्ध्या तासात कानाभोवती घामाची वाटी होते. मखमली कापडाचे पॅड असलेला हेडफोन घ्या, किंवा पॅड बदला. मात्र पॅड बदलले की आवाज बदलतो, कापडी पॅडनं बेस थोडा गळतो. दुसऱ्या कंपनीचे स्वस्त पॅड लावले तर जुने मिक्स पुन्हा ऐकून कान नव्यानं बसवा. पॅड दबले, सोलले तरी आवाज सरकतो. चपटे झाले की बदला.

इन-इअर उन्हाळ्यात हलके वाटतात, पण पावसाळ्यात कान आधीच ओलसर असतो आणि वर बूच मारलं की बुरशी धरायला वाव मिळतो. कानात खाज, ओल, बधिरपणा असं काही वाटलं तर इन-इअर ठेवून द्या आणि डॉक्टर गाठा. मिरजेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वानवा नाही. आपले इन-इअर दुसऱ्याला देऊ नका, द्यायचेच असतील तर टिप वेगळ्या.

चष्मा आहे, चालेल का?

क्लोज्ड-बॅकमध्ये चष्म्याच्या दांडीमुळे पॅड उचलला जातो आणि बेस गळतो. बारीक दांडीची फ्रेम किंवा मऊ, जाड पॅड. ओपन-बॅकला फरक कमी, इन-इअरला शून्य. जाड दांडीच्या चष्मेवाल्यांना इन-इअर हा खरंच चांगला पर्याय आहे.

गायकाला रेकॉर्डिंगच्या वेळी काय द्यावं?

क्लोज्ड-बॅक. ओपन-बॅक दिला तर ट्रॅक आणि मेट्रोनोमची टिकटिक माइकमध्ये जाते आणि नंतर ती नीट काढणं फार अवघड जातं. इन-इअरमध्ये गायकाला स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून गायल्यासारखा येतो. सवय असलेले निभावून नेतात, नवखे बेसूर होतात. बरेच जुने गवई एक कान उघडा ठेवतात, त्यांना तसंच करू द्या, फक्त त्या बाजूचा आवाज बंद करा.

स्पीकर घेणं शक्यच नाही. नुसत्या हेडफोनवर गाणं पूर्ण करू शकतो का?

करू शकता. एक ओव्हर-इअर आणि एक इन-इअर अशी जोडी असेल तर काम बरंच सुरक्षित होतं, कारण दोघांचे दोष वेगळे. एकावर केलेला निर्णय दुसऱ्यावर तपासा. दोन्हींवर डग्गा जास्त वाटला तर तो खरंच जास्त आहे.

मग मोबाईलचा स्पीकर. त्यातून खालचा बेस निघतच नाही, तरी डग्ग्याची मींड कळली पाहिजे. कळत नसेल तर ८० हर्ट्झ वाढवून काही होणार नाही, २०० ते ५०० मधले त्याचे स्वरांश वर आणा. मग मित्राची गाडी. शेवटी, गाणं मंडळासाठी असेल तर साउंडवाल्याला गोड बोलून मांडवातल्या सिस्टिमवर दोन मिनिटं लावून घ्या. चहा पाजावा लागतो, पण पत्रे वाजण्यापेक्षा स्वस्त पडतं.

बजेट दोन हजार आहे.

मग इन-इअर घ्या. दोन हजारांत मिक्सला धड असा ओव्हर-इअर नवा मिळणं कठीण, पण एका डायनॅमिक ड्रायव्हरचे नीट ट्यून केलेले चिनी इन-इअर या किमतीत मिळतात. वायर सुटी होणारी बघा, कारण आधी वायरच जाते. कानात घातलेली वस्तू परत घ्यायला विक्रेते कुरकुर करतात, तेव्हा परतीची अट आधी वाचा. सात-आठ हजार जमले की ओव्हर-इअर घ्या आणि इन-इअर तपासणीला ठेवा.

एका बाजूनं कमी ऐकू येतंय. हेडफोन गेला का?

थांबा, लगेच नवा मागवू नका. आधी सॉफ्टवेअरमध्ये डावा-उजवा चॅनेल अदलाबदल करा. कमी ऐकू येणारी बाजू बदलली तर दोष मिक्समध्ये आहे. नाही बदलली तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. इन-इअर असतील तर वायर वर घेऊन वळवायच्या भानगडीत न पडता नुसते हातानं धरून ऐका. आता बाजू बदलली तर दोष हेडफोनचा किंवा इंटरफेसचा. तरीही त्याच कानाला कमी येत असेल तर कानात मळ आहे किंवा डॉक्टरांचं काम आहे.

इन-इअरचा असेल तर बहुतेक वेळा तोंडावरच्या जाळीत मळ अडकलेला असतो. टिप काढा, जाळी खाली धरा म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडेल, आणि कोरड्या मऊ ब्रशनं हळूच झाडा. टाचणी घालू नका. टिप साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवून मगच चढवा.